सोने गेले लंडनला, पावती फाटली परभणीत



गावात एखाद्याची पत गेली की काय होते हे तुम्हाला सांगायला नको. दुकानदार उधारी बंद करतो, सावकार दारात येऊन बसतो आणि घरधनिणीची पाटली गहाण पडते. १९९१ साली हीच पाळी भारत सरकारवर आली. परदेशी बँकांनी अल्प मुदतीची कर्जे द्यायचे थांबवले. परदेशातल्या आपल्याच लोकांनी ठेवी काढून नेल्या. पत ठरवणाऱ्या विदेशी संस्थांनी देशाचा दर्जा उतरवला. तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. मे महिन्यात २० टन सोने परत घेण्याच्या बोलीवर एका स्विस बँकेला विकले. जुलैत आणखी सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडले. १ आणि ३ जुलैला, दोन झटक्यांत, रुपया खाली आणला.

इथपर्यंतची हकीकत सगळ्यांना पाठ आहे. हप्ता कुणी भरला, हे कोणी सांगत नाही.

कर्ज देताना नाणेनिधीची अट होती की तूट कमी करा. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी खतांचे भाव ४० टक्के वाढवले. ओरड झाली तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना सूट जाहीर केली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाश खतांवरचे नियंत्रणच काढून टाकले. युरियाचे मात्र ठेवले.

मी शेतकीचा पदवीधर. नत्र, स्फुरद, पालाश ४ : २ : १ असावे, हे आम्ही वर्गात घोकले. देशातल्या वापराचे प्रमाण १९९१-९२ साली ५.९ : २.४ : १ होते. एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. शेतकरी रातोरात अडाणी झाला होता काय? डीएपी परवडेना, युरिया परवडत होता, म्हणून त्याने युरिया टाकला. नंतर माझ्यासारखेच शिकलेले लोक गावोगाव जाऊन त्यालाच बजावू लागले की बाबा, तू संतुलित खत देत नाहीस! लंडनच्या गहाणखताची सही आपल्या काळ्या मातीत अशी उतरली.

आता काही शहाणे म्हणतात, रुपया पडला तर कापूसवाल्याचे भलेच आहे, बाहेर विकला की जास्त रुपये मिळतात. हिशेब बरोबर आहे. मी पैशाच्या किंवा मालाच्या वाटा बंद करा म्हणणाऱ्यांपैकी नाही. माझे भांडण वेगळे आहे. आपल्या घराचे दार फक्त आत उघडते. १९९१ ला महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस व्यापाऱ्याला विकणे गुन्हा, आदिलाबादला नेणे म्हणजे तस्करी. खत डॉलरच्या हिशेबाने घ्यायचे आणि कापूस सरकारच्या हिशेबाने द्यायचा.

एकाधिकार गेला, खोड गेली नाही. एप्रिल २०१० पासून डीएपी-पोटॅशवरचे अनुदान ठराविक झाले, म्हणजे रुपया घसरला किंवा बाहेर भाव चढला तर बोजा गोणीवर. ५०० च्या आतली डीएपीची गोणी दोन वर्षांत १२०० च्या आसपास गेली. त्याच एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी, ती आठवडाभरात मागे घ्यावी लागली. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, तर १४ एप्रिल २०२२ पासून ११ टक्के आयात शुल्क माफ. तुरीची आयात मे २०२१ पासून मोकळी झाली, आणि मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. कापसात तुरीच्या ओळी टाकणाऱ्याला दोन्हीकडून मार.

हे का होते? सरकारला कर्ज देणारा, रोखे घेणारा, तूट आणि महागाई हे दोन आकडे बघतो. महागाई वाढली की त्याचे व्याज सडते. तो रोखे विकतो, डॉलर घेऊन निघून जातो आणि रुपया आणखी पडतो. २०१६ च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला महागाईचे लक्ष्य बांधून दिले, ४ टक्के. ते मोजायच्या निर्देशांकात (पाया २०१२) खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. व्याज वाढवले तर कारखानदार ओरडतो. धान्य-डाळीचा भाव दाबला तर कोण ओरडतो? मुंबईच्या बाजारातला परदेशी गुंतवणूकदार रुसला तर एका दुपारी पैसा काढून नेतो. आपण रुसलो तर कापूस घरात भरून ठेवतो. त्याचे वजन घटते, रंग जातो आणि घरच्यांच्या अंगाला खाज सुटते.

२०२५ चा हिशेब ताजा आहे. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लादले, गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. १९ ऑगस्टपासून कापसाचे आयात शुल्क माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीत. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून निघाले होते, डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. बाहेरचा कापूस त्यामुळे महाग पडायला हवा होता, त्याचा आधार आपल्याला मिळायला हवा होता. पडलेल्या रुपयाने जे दिले असते ते माफ केलेल्या शुल्काने काढून घेतले. लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता. व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खालीच राहिला.

म्हणून जिल्हा बैठकीत मी एकच ठराव मांडणार आहे. पेरणीआधी जे आयात-निर्यात धोरण जाहीर होईल ते वेचणी संपून माल विकला जाईपर्यंत बदलायचे नाही. बदलले तर फरकाची रक्कम सरकारने शेतकऱ्याच्या खात्यावर भरायची. गुंतवणूकदाराला सरकार धोरणाच्या स्थैर्याचा शब्द देते. तोच शब्द आपल्याला हवा. बैठकीला येताना गेल्या तीन हंगामांच्या खताच्या पावत्या आणि कापसाच्या हिशेबपट्ट्या सोबत आणा. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत अशा तालुकावार बेरजा तिथेच करू.