प्रा. देवधर आणि आमचा खेळाचा तास

गेल्या महिन्यातील गोष्ट. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मैदानावर मुलांचा फुटबॉल चालला होता आणि आम्ही कचेरीत बोर्डाच्या परीक्षेचे अर्ज तपासत बसलो होतो. समोर असीरगडाची तटबंदी उतरत्या उन्हात तांबूस दिसत होती. एवढ्यात एक पालक आत आले. केळीच्या बागेत मजुरी करणारे, सरळ स्वभावाचे गृहस्थ. हात जोडून म्हणाले, "सर, आमच्या पोराला त्या फुटबॉलातून काढा. दहावीचं वर्ष आहे. खेळून काय पोट भरणार आहे?"

मुलगा आमच्या संघाचा गोलरक्षक. जिल्ह्याचे सामने पंधरा दिवसांवर आलेले. तरीही होकार आमच्या अगदी ओठांवर आला होता. तो तिथेच थांबला, कारण बारा वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला आम्ही संघातून काढले होते, आणि तेही त्याच्या वडिलांनी न सांगता, आपण होऊन. तो दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि घरच्या अडचणींमुळे पुढे शिकला नाही. आज तो टेम्पो चालवतो. वाटेत भेटला की उतरून नमस्कार करतो. गुणपत्रिकेचे नावही काढत नाही, विचारतो एवढेच, "सर, मैदान आहे ना अजून?" त्या प्रश्नाला आम्ही आजवर धड उत्तर देऊ शकलेलो नाही.

"दोन दिवसांनी या," असे सांगून आम्ही पालकांना निरोप दिला आणि गडाकडे पाहत बसलो. या गडावरील शिवमंदिरात अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, अशी इकडची श्रद्धा वाचकांना ठाऊक असेलच. अश्वत्थामा म्हटला की त्याचे पिताजी द्रोणाचार्य आठवतात. खेळाडू घडविणाऱ्या गुरूंना आपल्या सरकारने १९८५ पासून पुरस्कार दिला, तोही द्रोणाचार्यांच्याच नावाने. परंतु एकलव्याचा अंगठा मागणारेही तेच होते. पालकांचा अर्ज हाती घेऊन मुलाला खेळातून काढणारा मुख्याध्यापक तरी दुसरे काय मागत असतो?

त्या संध्याकाळी आम्हांला दुसऱ्या एका आचार्यांची आठवण झाली. प्रा. दिनकर बळवंत देवधर. जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. ज्या काळी खेळणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा अशी घरोघर समजूत होती, त्या काळी हे संस्कृतचे प्राध्यापक बॅट घेऊन मैदानात उतरत. १९११ साली ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आले आणि १९४८ पर्यंत खेळत राहिले. १९२६ साली इंग्लंडहून एम.सी.सी.चा संघ आला, तेव्हा मुंबईस भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा काढल्या.

पुढे १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. इंदूरचे सी. के. नायडू कर्णधार होते. देवधर मात्र त्या दौऱ्यावर गेले नाहीत. त्यांनी चाळिशी गाठली होती आणि निवड करणाऱ्यांना ते वय जास्त वाटले. अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही. दुसरा कोणी असता तर कडवट होऊन घरी बसला असता. देवधर बसले नाहीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यांच्याच संघात चोविशीतल्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. स्वतः देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, आणि १९४४ साली, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके झळकावली. आमचे वय आज साधारण तेच आहे. शाळेचा जिना चढताना आम्हांला धाप लागते, हे येथे कबूल केलेले बरे.

बॅट खाली ठेवल्यावर ते कारभारात उतरले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, भारतीय नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद, राष्ट्रीय निवड समितीचे काम, हे सारे त्यांनी केले. ज्याला निवडणाऱ्यांनी वयाचे कारण देऊन वगळले, तोच पुढे निवडणाऱ्यांच्या खुर्चीत बसला. घरीही त्यांनी खेळाला मज्जाव केला नाही. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी बॅडमिंटनमध्ये देशभर नाव मिळविले. तोही काळ मुलींच्या खेळाला अनुकूल नव्हता. १९७३-७४ मध्ये मर्यादित षटकांची देवधर करंडक स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू झाली. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढच्याच जानेवारीत त्यांनी वयाची शंभरी गाठली, आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. अश्वत्थाम्याला दीर्घायुष्य शाप म्हणून मिळाले. या प्राध्यापकांनी ते खेळीसारखे एकेक धाव जोडून उभे केले.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून नोकरी आणि शिक्षण यांनाच आजवर मान मिळाला. परमुलखात त्यावाचून तगणे कठीण होते, हे आम्ही जाणतो. तरी आपल्याच प्रांतातील सागरला जन्मलेले चंदू सरवटे विसरता येत नाहीत. ते वकिली शिकले, ठसेतज्ज्ञ झाले, महाराष्ट्राकडून आणि पुढे होळकर संघाकडून खेळले. १९४६ साली इंग्लंडमध्ये सरेविरुद्ध शूटे बॅनर्जींसमवेत त्यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागी केली. दोघांचीही शतके झाली. विद्या आणि खेळ एका घरात नांदू शकतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

दोन दिवसांनी ते पालक आले. आम्ही त्यांना देवधरांची गोष्ट सांगितली नाही; धावांच्या आकड्यांनी त्यांचे समाधान झाले नसते. एवढेच म्हणालो, "पोराला सामने खेळू द्या. रोज संध्याकाळी खेळ आटोपला की एक तास त्याला गणित मी शिकवीन. नापास झाला तर दोष माझा." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर ठीक." तो विश्वास हलका नव्हता.

मुलगा आता रोज मैदानावरून घामेजलेला, गुडघ्यांना माती लागलेली, तसाच कचेरीत येतो आणि वही उघडतो. समीकरणे अजून चुकतात. निकाल लागेल तो लागो. टेम्पोवाला विद्यार्थी पुन्हा भेटला, तर मैदान आहे, असे या वेळी त्याला सांगता येईल.