चित्रासमोर थांबू द्या

मी मुंबईला चित्रं बघून आलो, हे कळल्यावर परवा पारावर एकाने विचारलं, "त्यासाठी एवढ्या लांब? मोबाईलवर सगळी दिसतात की!" हेच गृहस्थ मंचरच्या बाजारात कांदा हातात घेऊन, दाबून बघितल्याशिवाय भावाची गोष्ट काढत नाहीत. मग चित्राचाच फोटो कसा पुरतो?

मुंबईतलं काम उरकलं की माझे पाय छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे वळतात. जॉर्ज विटेटने आराखडा केलेल्या या इमारतीत पहिल्या महायुद्धात लष्कराचं इस्पितळ होतं. संग्रहालय लोकांना खुलं झालं १९२२ साली. रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं तिथे आहेत. तैलचित्राच्या जवळ गेलं की मोत्याच्या जागी नुसता पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका दिसतो, त्यात कुंचल्याच्या केसांची रेघसुद्धा राहिलेली असते. चार पावलं मागे सरका, त्याचाच मोती होतो. हे मोबाईलवर कसं दिसणार?

या वेळी मी गेलो त्या दिवशी तिथे एक शालेय सहल आली होती. "चला, चला" करत मुलांना दालनांतून पुढे काढणं चाललं होतं. एक मुलगी लघुचित्रातला हत्ती बघत थांबली, तर तिला दंडाला धरून ओळीत आणलं. मला फार वाईट वाटलं. आपल्या लोणी-धामणीकडच्या शाळांनी तरी संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा.

आणि खेड्यातल्या माणसाला चित्रातलं काय कळतं, असं कुणी म्हणू नये. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, मळवलीला आला. मुंबईच्या गाडीत लोणावळ्याच्या अलीकडे ते स्टेशन लागतं. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छपाई, अशी त्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली. आपल्या आज्या सकाळी हात जोडायच्या, त्या या चित्रांसमोर. छापखाना १९७२ साली आगीत गेला.

आता जुनी घरं पाडून स्लॅब पडताहेत आणि काच फुटलेल्या तसबिरी देवळामागच्या झाडाखाली नेऊन ठेवल्या जातात. ठेवण्याआधी चित्राच्या खालच्या कडेला या छापखान्याचं नाव आहे का, तेवढं पुसून बघा. असेल तर तसबीर घरातच राहू द्या, नवी काच बसवून घ्या.