काँगो आणि नेवाळी



मे-जून २०२५ मध्ये कल्याणचे खासदार डॉ. श्रीकांत शिंदे सर्वपक्षीय शिष्टमंडळ घेऊन अमिराती, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला जाऊन आले. अंबरनाथ-उल्हासनगर त्यांच्या मतदारसंघात. बदलापूर मात्र भिवंडीत. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसे मारली गेली, त्यांत तिघे डोंबिवलीचे. त्यावर आपल्या सैन्याने काय केले व का केले, हे सांगायला ही मंडळी गेली.

काँगोला जाऊन काय मिळाले, असे पारावर कोणीही विचारील. तर ऐका. सिएरा लिओन तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर होता. काँगो व लायबेरिया २०२६-२७ साठी निवडून आले. देश गरीब असला तरी त्याच्या हाती एक मत असते. ग्रामपंचायतीला आपण तरी दुसरे काय मोजतो?

मात्र हे सारे सांगायला खासदार गावात आले, की नेवाळीचेही विचारा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टीसाठी तिथली शेते घेतली. युद्ध १९४५ मध्ये संपले. जमिनीसाठी शेतकरी जून २०१७ मध्ये रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. काँगोपेक्षा नेवाळी जवळ आहे. जीप अर्ध्या तासात पोचते.