मांडवातली कविता आणि समीक्षेचा कान

महानगरातील एखाद्या पबच्या माडीवर, मोजक्या श्रोत्यांसमोर, गिटारच्या साथीने कविता सादर झाली की तिला ‘प्रयोग’ म्हटले जाते. वसईच्या लग्नमांडवात सामवेदी ख्रिस्ती स्त्रिया कादोडी बोलीत गातात, तेव्हा मात्र ते ‘लोकगीत’ ठरते. हा भेद केवळ नावाचा नाही. पहिल्या संज्ञेत कर्ता गृहीत धरलेला असतो. दुसरीत तो नाकारलेला असतो.

या नकाराचे मूळ मराठी समीक्षेच्या मुद्रितनिष्ठेत आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम सांगितले. परंतु साहित्याचे माध्यम त्यांनी ध्वनीत नव्हे, अर्थात पाहिले. पुढे कविता म्हणजे मूकपणे वाचावयाची संहिता, हे जणू स्वयंसिद्धच मानले गेले. बापट, करंदीकर आणि पाडगावकर यांनी गावोगावी केलेल्या एकत्र काव्यवाचनाची नोंदही बहुधा लोकप्रियतेच्या खात्यात होते, काव्यशास्त्राच्या नव्हे.

यावर आक्षेप असा की, गळा आणि ताल यांच्या आधाराने सुमार शब्दही तरून जातात. म्हणून कवितेची खरी कसोटी कागदावरच. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. पण कागदही सुमार कवितेला दुर्बोधतेचा आडोसा देतोच. शिवाय १६१६ मध्ये राचोलला छापलेले स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे आणि ते मंडळींपुढे वाचले जाई. छापले गेल्याने त्याचे श्राव्यत्व संपले नाही.

मग मांडवातील गीताबाबत विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. कोणती ओळ परंपरेने आली आणि कोणती त्या क्षणी रचली गेली? आवर्तनाने अर्थ दाटतो की विरतो? ऐकणाऱ्या नातलगांच्या उपस्थितीने शब्दाला कोणती धार येते? हे प्रश्न रचनेचे आहेत, चालीरीतींचे नव्हेत.

२००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती वाढत आहेत, आणि बोलीचा घरगुती वापर आक्रसतो आहे. अशा वेळी ध्वनिमुद्रण व संकलन अगत्याचे आहे. परंतु जतन म्हणजे समीक्षा नव्हे. ज्याचे केवळ जतन होते, त्याचे मूल्यमापन टाळलेले असते. मांडवातील गाणारीला संकलक भेटतील. तिला हवा आहे तो टीकाकार: तिची एखादी ओळ का साधली हे सांगणारा, आणि दुसरी का फसली हेही तितक्याच गांभीर्याने सांगणारा.