फलागमाचा प्रश्न

कोरियन मालिकांतील प्रेमकथा विवाहापर्यंत पोचली नाही, की लेखकाने निर्णय टाळला असा निष्कर्ष काढण्याची एक प्रवृत्ती समीक्षेत बळावली आहे. कथानक अपुरे राहणे आणि नात्याचे भवितव्य अनुक्त राहणे यांतील भेद तिला मान्य नसावा.

पाक हे-यंग यांची 'माय लिबरेशन नोट्स' (२०२२) पाहावी. सोळा भागांनंतरही मी-जंग आणि मद्यासक्त गू यांचे पुढे काय होणार, हे कळत नाही. गूच्या हातून निसटलेले पाचशे वॉनचे नाणे गटाराच्या जाळीवर अडते. तो ते उचलतो, दारूची बाटली एका बेघर माणसापाशी ठेवतो आणि चालू लागतो. मी-जंगला, कदाचित प्रथमच, आपण स्वतःलाच प्रिय वाटतो.

येथे फलागम नाही, असा आक्षेप नाट्यशास्त्राच्या आधारे घेता येईल. पण फल कोणते? प्रेम पुरेसे नाही, आपल्याला पूजावे, अशी मी-जंगची मागणी होती. तिला हवा होता तो स्वतःच्या मोलाचा प्रत्यय, आणि तो आलेला आहे. विवाह दाखवला असता तर तिची मुक्ती गूच्या सुधारण्यावर अवलंबून ठरली असती. (पुढच्या पर्वाच्या गल्ल्यासाठी सोडलेले धागे निराळे, त्यांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही.)

'माय मिस्टर'मध्येही (२०१८) हीच लेखिका दोघांना हस्तांदोलनावर थांबवते. त्यापुढची अपेक्षा कोणत्या संहितेतून आली, हे आक्षेपकांनीच सांगावे.