लंडनची दोन अग्निकांडे आणि एक न लिहिलेला नियम

१/ १४ जून २०१७. मध्यरात्र उलटून गेल्यावर पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एका फ्रिजने पेट घेतला. ७२ जणांचा बळी गेला. या घटनेला सर्रास ‘दुर्घटना’ म्हटले जाते. लंडनचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास तसे म्हणू देत नाही. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ सतराव्या शतकाच्या आरंभी राजा पहिला जेम्स याने नवी घरे वीट-दगडाचीच बांधावीत, अशी फर्माने वारंवार काढली. फर्माने कागदावर राहिली, लाकडी घरे उभी राहतच गेली. सप्टेंबर १६६६ मध्ये पुडिंग लेनमधील एका भटारखान्यातून उठलेल्या आगीने १३,००० हून अधिक घरे गिळली.

३/ पार्लमेंटने १६६७ मध्ये पुनर्बांधणीचा कायदा केला. बाहेरील भिंत विटेची वा दगडाची हवी. भिंतीची जाडी किती, तेही ठरले. पालन तपासण्यास सर्वेक्षक नेमण्याची तरतूद झाली आणि नियमबाह्य घर ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरले. सत्तेने धडा नेमका ओळखला होता: नियम स्पष्ट हवा आणि त्यामागे तपासणारा माणूस हवा.

४/ १९८४-८५ मध्ये इंग्लंडने ही दिशा बदलली. सविस्तर नियमांच्या जागी मोघम उद्दिष्ट आले: भिंतीने आगीच्या फैलावाला ‘पुरेसा’ प्रतिकार करावा. पुरेसा म्हणजे किती, हे सरकारी मार्गदर्शिकेवर सोपवले गेले. तेव्हापासून त्या मार्गदर्शिकेतील प्रत्येक पळवाट ही मंत्रालयाची जबाबदारी ठरते.

५/ इशारे आले नाहीत, असे नाही. १९९१ मध्ये लिव्हरपूलजवळील नोझली हाइट्स या इमारतीचे बाह्य आवरण पेटले. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधील अर्विन येथे तशाच आगीत एकाचा मृत्यू झाला. संसदीय समितीने बजावले: अनेकांचे प्राण जाण्याची वाट पाहू नका.

६/ २००१ मध्ये सरकारनेच चाचणी घेतली. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेले आवरण भडकून पेटले. निष्कर्ष प्रसिद्ध झाला नाही, मार्गदर्शिकाही बदलली नाही. हेच आवरण पुढे ग्रेनफेलच्या काँक्रीटवर चढले. ते काम २०१६ मध्ये पूर्ण झाले.

७/ ‘तेव्हा कोणाला कळणार होते?’ या सबबीला स्कॉटलंड हे उत्तर आहे. अर्विनची आग पाहून तिथल्या विधिमंडळाने आपले नियम कडक केले आणि ते २००५ पासून लागू झाले. आग एकच, पुरावा एकच. फरक पडला तो राज्यकर्त्यांच्या इच्छेत.

८/ जुलै २००९ मध्ये दक्षिण लंडनच्या लाकनल हाउसमध्ये सहा जण मरण पावले. त्यांत तीन मुले होती. अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०१३ मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांना पत्र लिहून अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शिकेचा फेरविचार सुचवला. ग्रेनफेल पेटेपर्यंत तो पूर्ण झाला नव्हता.

९/ कारण वारे उलट दिशेने वाहत होते. नवा नियम आणायचा तर आधी एक जुना रद्द करा, पुढे तर दोन रद्द करा, असे सरकारी धोरण होते. ते अग्निसुरक्षेला लागू नव्हते, असे पिकल्स यांनी चौकशीत सांगितले. त्यांच्याच अधिकाऱ्यांची साक्ष आणि तत्कालीन कागदपत्रे यांनी ते खोटे पाडले.

१०/ दोष कंपन्यांचा नाही का? आहेच. आवरण व उष्णतारोधक बनवणाऱ्यांनी बाजाराची पद्धतशीर फसवणूक केल्याचे चौकशीत दिसले. इमारतीची तपासणी करणारी स्थानिक परिषदही कर्तव्यात चुकली. पण नफेखोर नियमातील फट शोधणार, हे गृहीत धरूनच कायदा लिहायचा असतो. चोराला दोष देताना दार उघडे ठेवणाऱ्या राखणदाराला निर्दोष म्हणता येत नाही.

११/ सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. प्रत्येक मृत्यू टाळता आला असता, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. २००१ मध्ये मजूर पक्षाचे सरकार होते. पुढे हुजूर आणि उदारमतवादी लोकशाहीवाद्यांची आघाडी आली, मग एकटे हुजूर. हे अपयश कोणा एका पक्षाच्या खात्यावर टाकून बाकीच्यांना सुटता येणार नाही.

१२/ उंच निवासी इमारतींवरील ज्वलनशील आवरणावर बंदी आली ती डिसेंबर २०१८ मध्ये. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जो नियम ७२ मृत्यूंनंतर दीड वर्षात लिहिता आला, तो त्यांच्याआधी सोळा वर्षे का लिहिला गेला नाही? या प्रश्नाचे उत्तर देण्याचे दायित्व पेटलेल्या फ्रिजचे नाही. ते लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांचे आहे.