बंद दाराआडचा प्रश्न

विमानातील वैमानिक-कक्षाचे दार ही एके काळी केवळ आडोशाची वस्तू होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत १९ अपहरणकर्त्यांनी चार विमाने ताब्यात घेतली, आणि हा आडोसा किती तकलादू आहे हे जगाला कळून चुकले. अमेरिकेने एप्रिल २००३ पर्यंत, तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून, मोठ्या प्रवासी विमानांना गोळीला व धक्क्याला दाद न देणारी दारे सक्तीची केली. आणीबाणीत बाहेरील कर्मचाऱ्याला संकेतांक दाबून दार उघडता येते; परंतु आतला वैमानिक तो संकेतांकही काही मिनिटे निष्फळ ठरवू शकतो. धाकदपटशाने संकेतांक मिळविणाऱ्या अपहरणकर्त्याला रोखणे हा त्यामागील हेतू.

या योजनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती : शत्रू नेहमी बाहेरच असेल. २४ मार्च २०१५ रोजी हे गृहीत कोसळले. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेल्या जर्मनविंग्जच्या विमानाचा कप्तान कक्षाबाहेर गेला असता सहवैमानिकाने दार आतून बंद केले आणि विमान आल्प्स पर्वतावर आदळविले. १५० जणांचा अंत झाला. रक्षणासाठी उभारलेले दारच कप्तानाला अडवून राहिले.

मग कक्षात सदैव दोन व्यक्ती असाव्यात, असा उपाय युरोपात पुढे आला. पुढच्याच वर्षी तो ऐच्छिक झाला आणि २०१७ मध्ये जर्मन कंपन्यांनी सोडूनही दिला. त्याहून महत्त्वाचे निदान फ्रेंच चौकशी अहवालाने २०१६ मध्ये केले. सहवैमानिकाने आपला मनोविकार कंपनीपासून लपविला होता. परवाना गेला तर उत्पन्न बुडणार, त्याची भरपाई करणारा पुरेसा विमा नाही आणि प्रशिक्षणाचे कर्ज डोक्यावर, अशी त्याची स्थिती होती. त्याच्या कृत्याचे याने समर्थन होत नाही. परंतु खरे बोलण्याची किंमत उपजीविका हीच असेल, तर अनेकजण मौन पत्करतील, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथेही लागू पडतो.

युरोपात वैमानिकांसाठी साहाय्य योजना २०२१ पासून बंधनकारक झाल्या, हे योग्यच झाले. तथापि आजारी वैमानिकाच्या उत्पन्नाची हमी नसेल, तर अशा योजनांकडे तो वळणार कसा? दारासाठी होणारा खर्च कोणी वायफळ मानत नाही. ही हमीदेखील सुरक्षेचाच खर्च मानली गेली पाहिजे.